जेथे सारे राष्ट्र घाणा थांबवते



जुन्या कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, अलिबाग, पेण, रोहा, मुरुड या परिसरातील गावांमध्ये एकेकाळी ‘शनिवार तेली’ नावाने ओळखली जाणारी एक जमात नांदत होती. व्यवसाय तेलाचा घाणा चालविण्याचा, बोली मराठी, स्त्रियांचा वेष लुगड्याचा, आडनावे गावांवरून पडलेली : दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. इतर तेल्यांत आणि यांच्यात गावाला जाणवणारा फरक एकच. शनिवारी यांचा घाणा बंद असे. हेच ते बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेनुसार शतकानुशतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून हा वंश वाढला. ग्रंथ समुद्रात बुडाले, हिब्रू भाषा विसरली गेली; उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा थांबलेला घाणा. शनिवारी काम का नाही, याचा जाब गावाने त्यांना कधी विचारला नाही. तो त्यांचा कुळाचार, एवढे उत्तर गावाला पुरेसे होते.

इस्रायलचा उल्लेख निघाला की आपल्याकडे युद्धे आठवतात, गुप्तहेर आठवतात, फार तर ठिबक सिंचन आठवते. पण १९४८ नंतर जगाच्या कानाकोपऱ्यांतून जे श्रद्धाळू ज्यू तेथे जाऊन स्थायिक झाले, त्यांना तेथील रोजच्या जगण्यात नेमके काय गवसले, याचा विचार क्वचितच होतो. विमानतळावर उतरून भूमीला वंदन करण्याचा क्षण एकदाच येतो. त्यानंतर उरतात ती वीज मंडळाची बिले, बसच्या रांगा, मुलांच्या शाळा आणि महागाई. या सर्वांतूनही ‘येथेच राहावे’ असे त्यांना का वाटते, याचे उत्तर पवित्र स्थळांपेक्षा बाजारात आणि दिनदर्शिकेत अधिक सापडते.

शुक्रवारची दुपार

हिब्रू भाषेत वारांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. रविवार म्हणजे ‘योम रिशोन’, पहिला दिवस, सोमवार दुसरा, शुक्रवार सहावा. स्वतःचे नाव आहे ते फक्त सातव्या दिवसाला : शब्बात. आपले बेने इस्रायल त्याला ‘शब्बाथ’ म्हणतात. याचा अर्थ असा की तेथील माणूस दुकानाची वेळ ठरवताना किंवा दंतवैद्याची भेट घेतानासुद्धा नकळत शब्बाथच्या दिशेने दिवस मोजत असतो.

शुक्रवारी सकाळपासूनच जेरुसलेमच्या बाजारात गर्दी उसळते. विणलेल्या वेणीसारखे पाव विकले जातात, फुलांच्या गुच्छांपुढे रांगा लागतात. दुपार कलली की दुकानांची दारे एकेक करून खाली येतात. सूर्यास्तापूर्वी शहरावर भोंगा घुमतो आणि घराघरांत गृहिणी दिवे लावतात. बहुतेक शहरांतील सार्वजनिक बस थांबतात. राष्ट्रीय विमानसेवा ‘एल अल’ची प्रवासी विमाने १९८२ मधील शासकीय निर्णयापासून शब्बाथला उडत नाहीत. १९५१ च्या कामाचे तास व विश्रांतीविषयीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी हा कामगाराचा हक्क ठरविला. ज्यूंसाठी तो दिवस शनिवार, तर इतर धर्मीयांना शुक्रवार, शनिवार वा रविवार यांतून आपल्या रीतीप्रमाणे निवड करण्याची मुभा.

बाहेरच्या माणसाला ही गैरसोय वाटेल. परंतु लंडनहून वा न्यूयॉर्कहून आलेल्या श्रद्धाळू कुटुंबाला त्यात काय दिसते, ते समजून घेतले पाहिजे. डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो. त्यामुळे हिवाळ्यातील प्रत्येक शुक्रवारी कचेरीतून लवकर निघण्यासाठी साहेबाची परवानगी काढावी लागते. शनिवारी परीक्षा आली की अर्ज, मुलाखत आली की सबब, सहकाऱ्याच्या घरी समारंभ असला की क्षमायाचना. धर्म पाळता येतो, कोणी अडवत नाही. पण तो सतत स्पष्टीकरण देत पाळावा लागतो. मुंबईत गिरण्यांत, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी धरलेल्या बेने इस्रायल कुटुंबांचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नव्हता. घाणा स्वतःचा होता तोवर तो थांबविणे आपल्या हाती होते. हजेरीपट दुसऱ्याचा झाला आणि शनिवार कामाचा वार ठरला. इस्रायलमध्ये पहिल्याच आठवड्यात ही सारी स्पष्टीकरणे गळून पडतात. सकाळी बसचालक आणि दुपारी भाजीवाला ‘शब्बात शालोम’ म्हणतो. त्या दोघांपैकी कोणी धर्मनिष्ठ असेलच असे नाही, तरीही म्हणतो.

एक किरकोळ दुःख मात्र पाश्चात्त्य देशांतून आलेले लोक हसत हसत बोलून दाखवितात. त्यांचा रविवार गेला! त्या दिवशी सकाळी मुकाट्याने कामावर हजर व्हावे लागते.

पंचांग आणि भूमी यांची भेट

शब्बाथ दर आठवड्याचा. सणांची गोष्ट त्याहून खोल आहे. ज्यू पंचांगातील सण ज्या ऋतूंशी जोडलेले आहेत, ते ऋतू त्या एका भूमीचे आहेत. इस्रायलमध्ये हिब्रू पंचांगाच्या हेश्वान महिन्याच्या सातव्या तिथीपासून, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पावसाची याचना प्रार्थनेत सुरू होते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तेथे खरोखर पहिल्या सरी येतात. भूमीबाहेरील ज्यू डिसेंबरच्या आरंभी ती याचना सुरू करतात, आणि ती तारीखही प्राचीन बाबिलोनच्या गरजेवरून ठरलेली. आता कोकणाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. जूनमध्ये धो धो पाऊस कोसळत असताना प्रार्थनापुस्तकात पावसाचे नाव नाही आणि डिसेंबरात आकाश स्वच्छ निळे असताना ओठांवर पावसाची मागणी! तेथे स्थलांतर केलेल्या श्रद्धाळू माणसाला प्रार्थनेतील ढग प्रथमच खिडकीबाहेर दिसतात.

दुसरे उदाहरण सणांच्या दिवसांचे. प्राचीन काळी चंद्रदर्शनावरून महिन्याचा आरंभ जेरुसलेममध्ये जाहीर होई. तेथून निघालेला दूत दूरच्या वस्त्यांना वेळेत गाठू शकत नसे. म्हणून चूक टाळण्यासाठी भूमीबाहेरच्या ज्यूंनी पेसाह, शावुओत आणि सुक्कोत या सणांचे पवित्र दिवस दुप्पट पाळण्याची प्रथा पाडली. गणिताने पंचांग निश्चित झाल्यावरही ती टिकली. त्यामुळे परदेशात पेसाहचे विधियुक्त भोजन दोन रात्री करावे लागते, इस्रायलमध्ये एकच रात्र. दूताची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. स्थलांतरित गृहिणींना हा फरक किती भावतो, हे दोन दिवस लागोपाठ तीस पाहुण्यांचे जेवण रांधलेल्या बाईलाच कळेल.

तिसरे उदाहरण मुलांच्या भोवऱ्याचे. हानुक्का या दीपोत्सवात चार बाजूंचा भोवरा खेळला जातो. जगभर त्यावर चार अक्षरे असतात. त्यांचा विस्तार, ‘तेथे एक महान चमत्कार घडला’. इस्रायलमध्ये शेवटचे अक्षर बदललेले असते : ‘येथे एक महान चमत्कार घडला’. ‘तेथे’चे ‘येथे’ झाले. स्थलांतराचा सारा अर्थ मुलाच्या तळहातावरील त्या एका अक्षरात सामावलेला आहे.

पेसाहच्या आठवड्यात किराणा दुकानांतील पावाच्या आणि बिस्किटांच्या मांडण्या कागदाने झाकल्या जातात. असे आंबवलेले पदार्थ सार्वजनिकरीत्या विक्रीस मांडण्यावर १९८६ च्या कायद्याने बंधन आहे. सरकारी कोठारांतील असे धान्य व पदार्थ त्या काळापुरते ज्यू नसलेल्या गृहस्थाला रीतसर विकले जातात आणि सण संपल्यावर परत घेतले जातात. एरवी घरातील एका बाईची असणारी चिंता तेथे राज्ययंत्रणेनेही वाहिलेली असते. सुक्कोतला मांडव आकाशाखालीच हवा असतो. म्हणून धार्मिक वस्त्यांतील अनेक इमारतींच्या गच्च्या एकाखाली एक न बांधता एकीआड एक सरकवून बांधतात. वास्तुरचनाकाराने सण लक्षात ठेवून आराखडा काढलेला असतो.

आणि योम किप्पूर! प्रायश्चित्ताचा, उपवासाचा दिवस. कोकणातील बेने इस्रायल या दिवसाला ‘दरफालनीचा सण’ म्हणत, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. शुभ्र वस्त्रे परिधान करून, दारे बंद करून, घरात उपवास करीत बसण्याची त्यांची रीत होती. इस्रायलमध्ये त्या दिवशी विमानतळ बंद असतो, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी मूक होते. हमरस्त्यांवर मोटारी जवळजवळ दिसत नाहीत आणि मोकळ्या रस्त्यांवर मुले सायकली चालवतात. कोकणात एक घर दार लावून घेई. तेथे एक देश लावून घेतो.

प्रार्थनेतील शब्द विजेच्या बिलावर

एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले तेव्हा हिब्रू ही धर्मग्रंथांची, प्रार्थनेची आणि पंडितांची भाषा होती, घरातली नव्हे. १८८२ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानी केवळ हिब्रूच पडेल, असा निश्चय त्यांनी केला. आज तीच भाषा बाजारात घासाघीस करते, न्यायालयात वाद घालते, क्रीडांगणावर ओरडते. श्रद्धाळू स्थलांतरिताला यातून मिळणारा आनंद अपूर्व असतो. विजेला हिब्रूत ‘हश्माल’ म्हणतात. हा शब्द प्रेषित यहेज्केलच्या दिव्यदर्शनातला, तेथे तो अग्नीच्या अंतरंगातील तेजासाठी आलेला आहे. लहानपणापासून जो शब्द ग्रंथात वाचला, तोच आता दर दोन महिन्यांनी बिलावर छापून येतो! ‘अलिया’ हा शब्दही तसाच. त्याचा अर्थ वर चढणे. सिनेगॉगमध्ये ग्रंथवाचनासाठी व्यासपीठावर जाणे म्हणजे अलिया, आणि इस्रायलमध्ये स्थायिक होण्यासाठी येणे यालाही अलियाच.

सोव्हिएत संघातून आलेल्यांना या भाषेचे मोल विशेष. तेथे हिब्रू शिकविणाऱ्यांच्या मागे पोलिसांचा ससेमिरा असे. युली एडेलस्टाइन या हिब्रू शिक्षकाला १९८४ मध्ये अमली पदार्थांचा खोटा आरोप ठेवून अटक करण्यात आली आणि श्रमछावणीत धाडण्यात आले. १९८७ मध्ये सुटका झाल्यावर ते इस्रायलला गेले. हाच माणूस २०१३ मध्ये इस्रायली संसदेचा, क्नेसेटचा, अध्यक्ष झाला. ज्या भाषेच्या शिकवणीबद्दल त्याने छावणी भोगली, त्याच भाषेत त्याने संसदेचे कामकाज चालविले.

इथिओपियातील ज्यू आपल्या ‘सिग्द’ या सणाला डोंगरमाथ्यावर चढत आणि जेरुसलेमच्या दिशेने मुख करून प्रार्थना करीत. १९९१ च्या मे महिन्यात यादवी युद्धातून त्यांना आणण्यासाठी छत्तीस तासांत चौदा हजारांहून अधिक माणसे विमानांनी उचलली गेली. ती शुक्रवार-शनिवारची घटना. शब्बाथला न उडणारी एल अलची विमाने त्या शब्बाथला उडाली, कारण प्राणरक्षणापुढे शब्बाथचे बंधन शिथिल होते, हाच धर्माचा नियम आहे. २००८ मध्ये क्नेसेटने सिग्दला राष्ट्रीय सणाचा दर्जा दिला. ज्या नगरीकडे तोंड करून पूर्वज उभे राहिले, त्या नगरीतच उभे राहून आता ती प्रार्थना होते.

फ्रान्समधील ज्यूंना निर्भय वावराचे मोल आहे. ९ जानेवारी २०१५ रोजी, शुक्रवारी दुपारी, पॅरिसमधील ज्यू किराणा दुकानावर दहशतवादी हल्ला झाला आणि चार जण मारले गेले. गिऱ्हाइके शब्बाथची खरेदी करण्यास आलेली होती. चौघांचेही दफन जेरुसलेममध्ये झाले. त्या एका वर्षात सात हजारांहून अधिक फ्रेंच ज्यू इस्रायलमध्ये येऊन राहिले. इस्रायल हा सुरक्षित देश आहे, असा त्यांचा भ्रम नव्हता. पण डोक्यावरची किप्पा, ती लहानशी गोल टोपी, खिशात घालून रस्त्यावर उतरण्याची पाळी येथे येत नाही. आपला धर्म लपविण्याची सवय मुलाला लावावी लागत नाही, ही गोष्ट पालकाच्या दृष्टीने लहान नव्हे.

मायभूमीने मागितलेला पुरावा

हे सर्व सांगितल्यावर एक कटू अध्याय झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ५ जुलै १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला. त्या हाकेला ओ देऊन बेने इस्रायल निघाले. पुढे त्यांतील अनेकांच्या वाट्याला दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशी गावे-शहरे आली. दिमोना तर १९५५ मध्ये वाळवंटात वसविलेले नवे गाव. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसांच्या हाती कुदळी आल्या. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी काहींनी निराश होऊन ‘आम्हांला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली, आणि काही जण खरोखर परतलेही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट १९६२ मध्ये घडली. मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना आदेश दिला, की बेने इस्रायल वधू वा वराची वंशावळ शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. शतकानुशतके मुख्य प्रवाहापासून तुटलेल्या या समाजाने विवाह-घटस्फोटाचे नियम नीट पाळले असतील का, ही शंका. ज्या कोकणाने शनिवारचे कारण कधी विचारले नाही, ते कोकण सोडून ही माणसे आली होती. आणि ज्या भूमीत स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही असे वाटले, त्या भूमीने त्यांच्याकडे आजी-पणजीचा पुरावा मागितला.

त्यांनी धर्म सोडला नाही, देशही सोडला नाही. ते जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव करून जाहीर केले, की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू असून इतरांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून त्यांचा विशेष उल्लेख काढून टाकला. हक्क मिळाला तो मागून मिळाला, शांतपणे पण ठाम उभे राहून मिळाला.

आणखी एक गोष्ट. शब्बाथला बस थांबते तेव्हा ती धर्म न पाळणाऱ्या ज्यूसाठीही थांबते, आणि देशाच्या लोकसंख्येत पाचवा हिस्सा असणाऱ्या अरब नागरिकांसाठीही थांबते. हैफा शहरात शनिवारी बस पूर्वीपासून धावतात. तेल अवीव आणि शेजारच्या काही नगरांनी नोव्हेंबर २०१९ पासून शनिवारसाठी स्वतंत्र बससेवा सुरू केली. एकाच्या मनाला मिळणारा विसावा दुसऱ्याच्या पायांना पडणारी तंगडतोड ठरू शकतो, हा वाद तेथे संपलेला नाही. श्रद्धाळूंमधीलही विचारी माणसे विचारतात, की जे सहज मिळते, त्याची आच पुढच्या पिढीला राहील का? लंडनमध्ये शब्बाथ पाळणारा मुलगा दर आठवड्याला तो नव्याने निवडत असतो. जेरुसलेममधील मुलाला तो हवेसारखा मिळालेला असतो.

शांतता तर त्या भूमीच्या नशिबी क्वचितच आली. १९७३ चे युद्ध योम किप्पूरला सुरू झाले. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला शनिवारी झाला. तो शब्बाथही होता आणि सिम्हात तोरा हा ग्रंथोत्सवही. एरवी शब्बाथला यंत्राला हात न लावणारी माणसे प्रार्थना अर्धवट टाकून, मोटारी काढून आपापल्या सैन्यतुकड्यांकडे निघाली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, इस्रायलमध्येही असंख्य घरांत रिकाम्या खुर्च्या राहिल्या. शुक्रवारचे दिवे अशा घरांतही लागतातच. पण ते निश्चिंत मनाने लावले जातात, असे म्हणता येणार नाही.

दोन घरांचा दिवा

दिमोनातील वा अश्दोदमधील बेने इस्रायल घरात आज डोकावले तर काय आढळते? चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची लहान नळी. तीच नळी सरकारी कचेरीच्या आणि रुग्णालयाच्या दारांवरही असते. उपाहारगृहात शिरताना अन्न धर्मनियमांनुसार असल्याचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसते. कोकणात हे काम गृहिणीच्या डोळ्यांना करावे लागे. परंपरा सांगते, की दावीद रहाबी नामक विद्वानाने बेने इस्रायल स्त्रियांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली, त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली, आणि तेवढ्यावरून त्याने ओळखले की हे आपलेच लोक.

त्याच घरात शुभकार्याच्या वेळी एलियाहू हन्नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा केला जातो. तो त्यांनी कोकणातून नेला. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये निघाले, महाराष्ट्र दिन तेथे साजरा होऊ लागला. दोन हजार वर्षांच्या ओढीने ज्या भूमीत गेलो ती पितृभूमी, आणि जिने छळ केला नाही ती मातृभूमी, असे या समाजातील ज्येष्ठ सांगत आले. एकीची ओढ दुसरीची कृतज्ञता पुसून टाकत नाही.

मित्रहो, श्रद्धाळू स्थलांतरितांना तेथील रोजच्या जगण्यात जे भावते, ते एका वाक्यात सांगायचे तर असे : आपण जसे आहोत तसे असण्यासाठी तेथे कोणाची परवानगी मागावी लागत नाही. कायद्याने हे त्यांना इस्रायलमध्ये मिळाले. शेजाराने मात्र ते त्यांना त्याआधी कितीतरी शतके नवगाव आणि रेवदंड्याच्या वाड्यांत दिले होते. कायदा बस थांबवू शकतो, दुकान मिटवू शकतो. पण शेजाऱ्याचा बंद घाणा पाहून काही न विचारता पुढे जाण्याचा समंजसपणा कायद्यात लिहिता येत नाही. बेने इस्रायलांनी दोन्ही अनुभवले आहेत. म्हणूनच शुक्रवारी तिन्हीसांजेला दिमोनात दिवा लावून झाल्यावर घरातली म्हातारी नातवंडांना ‘शब्बाथ शालोम’ म्हणते आणि लगेच मराठीत पुढे विचारते, ‘जेवायला बसायचं ना?’